लव्हेंडर आणि आपला पानओवा

साबणामुळें व अत्तरामुळें लव्हेंडर हें नांव घरोघरीं ठाऊक झालें आहे. तेव्हां हें झाड धरमतरच्या खाडीकांठीं कां लावूं नये, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. आम्हीं एकदां पांच रोपें कुंड्यांत लावून पाहिलीं. वैशाखांत तीं कशींबशीं तगलीं. आषाढांत मुळें कुजून पांचही गेलीं. दोष रोपांचा नव्हे. लव्हेंडर मूळचें भूमध्यसमुद्राभोंवतालच्या कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरील, आणि आपल्याकडे चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस. भारतांत त्याची शेती होते ती जम्मूकडील भदरवाहासारख्या थंड डोंगराळ भागांत.

तथापि लव्हेंडरचें कूळ आपणांस परकें आहे असें समजूं नये. सह्याद्रीच्या माळांवर व कातळांवर उगवणारी घोडेघुई ही लव्हेंडरचीच एक रानटी जात होय. अशाच दुसऱ्या एका जातीस मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन ह्यांचें नांव दिलेलें आहे. त्यांनीं व डाल्झेल ह्यांनीं मिळून इलाख्यांतील वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १८६१ सालीं प्रसिद्ध झाला.

तुळस, सब्जा, पुदिना आणि पानओवा हींही ह्याच कुळांतलीं. तुळशीची कोंवळी डहाळी बोटांत फिरवून पाहावी. ती चौकोनी लागते. पानें समोरासमोर येतात व फुलास दोन ओंठ असतात. एवढी खूण लक्षांत ठेविली म्हणजे पुरे.

ह्यांपैकीं आपल्या हवेंत सर्वांत कमी कुरकुर करणारा पानओवा. वीतभर फांदी तोडून वाळूमिश्रित मातींत खोंचावी. बीं लागत नाहीं. पाणी मात्र सांचूं देऊं नये, आणि पावसाळ्यांत कुंडी पडवींत घ्यावी. त्याच्या पानांस ओव्यासारखा वास येतो. परंतु मसाल्याचा ओवा हा कोथिंबिरीच्या कुळांतला, ह्याचा सोयरा नव्हे.

खोकल्यावर ह्या पानांचा रस मधांतून देण्याची चाल जुनी आहे. मोठ्या मुलांस थोडासा दिल्यास घसा मोकळा वाटतो. परंतु एक वर्षाच्या आंतील मुलास मध मुळींच देऊं नये. त्यापासून तान्ह्या मुलास जिवावरचें दुखणें जडूं शकतें. मुलाचा श्वास जलद चालूं लागला किंवा छाती आंत ओढूं लागली, तर घरगुती उपायांत एक घटकाही न दवडतां त्यास डॉक्टरांकडे न्यावें. बाजारांतील लव्हेंडरचें तेल हुंगण्यापुरतें ठीक. तें पोटांत घेऊं नये, व बाटली मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

पानओव्याचीं भजीं मात्र निर्धास्तपणें करावीं. डाळीच्या पिठांत मीठ, तिखट व हळद घालून तें सरबरीत भिजवावें आणि अख्खें पान बुडवून तळावें. पानें धुतल्यावर पुसून कोरडीं करावीं, नाहीं तर पीठ पानास धरीत नाहीं व कढईंत नुसते पिठाचे तुकडे तरंगतात. आमचा पहिला घाणा असाच फुकट गेला होता.