पाठ १४ : ऐकिडो – सामना नसलेली कुस्ती?

वाचण्याआधी : कोणी तुमचं मनगट घट्ट धरलं, तर तुम्ही काय कराल? थोडा विचार करा आणि मग पुढे वाचा.

२०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्यातले ज्युदो आणि कुस्तीचे सामने जवळच कॉव्हेंट्रीत झाले. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलेही असतील. ऐकिडो मात्र त्या स्पर्धेत नव्हता. ज्युदोसारखा ऐकिडोही जपानचाच. त्यातही पकड असते, फेक असते. मग त्याचे सामने का होत नाहीत?

ऐकिडोची सुरुवात मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी केली. जपानी भाषेत ‘आय’ म्हणजे जुळणं, ‘की’ म्हणजे आतली शक्ती आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. मराठीतला ‘ऐक’ हा शब्द वेगळा आहे, पण नाव लक्षात ठेवायला तो छान उपयोगी पडतो. कारण ऐकिडोत समोरच्याचा जोर कुठे चाललाय, हे आधी ‘ऐकायचं’ असतं.

कोणी मनगट धरलं की आपण हात मागे ओढतो. मग तोही ओढतो आणि ज्याच्यात ताकद जास्त, तो जिंकतो. ऐकिडोत असं ओढायचं नाही. ‘इरिमी’ म्हणजे पुढे शिरणं आणि ‘तेन्कान’ म्हणजे वळून त्याच्या बाजूला जाणं. त्याचा जोर पुढे जातो, पण तिथे आपण नसतोच! त्याचा तोल गेला, की डाव टाकायचा. ‘कोते-गाएशी’मध्ये मनगट बाहेर वळवून त्याला पाडतात. ‘शिहो-नागे’ म्हणजे चार दिशांची फेक. त्यात त्याचा हात वर उचलून आपण खालून वळून जातो.

पण ऐकिडोत खूप लवकर काय शिकवतात, माहीत आहे? पडायला! त्याला ‘उकेमी’ म्हणतात. डाव टाकणारा आणि पडणारा आळीपाळीने बदलतात. म्हणजे तुमचा जोडीदार त्याचं मनगट तुम्हाला सरावासाठी देतो. ते सांभाळणं ही तुमची जबाबदारी.

उएशिबांच्या शिष्यांमुळे पुढे वेगवेगळ्या शैली तयार झाल्या. टोकियोची ‘ऐकिकाई’ उएशिबा घराण्याची. गोझो शिओदा यांची ‘योशिनकान’ शैली १९५५ मध्ये सुरू झाली. तिच्यात पाय कुठे, हात कुठे, हे अगदी काटेकोर असतं. कोइचि तोहेई यांनी मन आणि शरीर एकत्र आणण्यावर भर दिला.

केंजी तोमिकी ज्युदोही शिकलेले होते. समोरचा विरोधच करत नसेल, तर डाव खरा आहे हे कसं कळणार, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून त्यांच्या शैलीत सामने असतात. एकाच्या हातात मऊ नकली सुरा असतो, दुसरा रिकाम्या हाताने लढतो आणि मग दोघं अदलाबदल करतात. उएशिबांना मात्र स्पर्धा मान्य नव्हत्या. जिंकणं हेच ध्येय झालं, तर जुळणं मागे पडतं. आपल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. हा वाद अजून मिटलेला नाही आणि दोन्ही बाजूंना अर्थ आहे.

१९६६ मध्ये काझुओ चिबा जपानहून ब्रिटनमध्ये ऐकिडो शिकवायला आले. बर्मिंगहॅमचे विल्यम स्मिथ हे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी आपल्या भागात पुढची पिढी तयार केली.

शब्दार्थ
तोल जाणे – पडायच्या बेतात येणे
आळीपाळीने – आधी एक, मग दुसरा
काटेकोर – थोडीही चूक न चालणारं
भर देणे – जास्त महत्त्व देणे

विचार करा आणि बोला
१. हात ओढण्याऐवजी ऐकिडोत काय करतात? तुमच्या शब्दांत सांगा.
२. उएशिबा की तोमिकी? तुम्हाला कोणाचं पटतं? ‘कारण’ हा शब्द वापरून तीन वाक्यं लिहा.
३. घरी आजी-आजोबांना फोन करून विचारा : तुम्ही कुस्ती पाहिली आहे का? पैलवानाचा डाव पक्का झाला हे कुठे कळतं, तालमीत की आखाड्यात?