फेरेटचा आहारपालट

एखाद्या प्राण्याने काय खावे, हे त्याच्या शरीररचनेने ठरवून दिलेले असते. परंतु त्याने कशाला अन्न मानावे, हे पुष्कळदा त्याच्या बालपणातील अनुभवावरून ठरते. या दोन गोष्टी सकृद्दर्शनी एकच वाटतात, पण त्या एक नव्हेत. त्यांची फारकत झाली म्हणजे शरीराला मानवणारे अन्न समोर असताही प्राणी उपाशी राहू शकतो. हे तत्त्व स्पष्ट व्हावे म्हणून आम्ही या लेखात फेरेट नावाच्या एका लहानशा मांसाहारी प्राण्याचे उदाहरण घेतले आहे. युरोप-अमेरिकेत हा प्राणी हौसेने पाळतात. त्याला बहुधा कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या गोळ्या चारल्या जातात. अशा फेरेटला कच्च्या मांसावर आणावयाचे झाल्यास काय करावे लागते, आणि त्यात कोणते धोके संभवतात, याचा आपण क्रमाने विचार करू.

फेरेटची ओळख

फेरेटचे चित्र पाहिले की आपल्याकडील वाचकाला प्रथम मुंगसाची आठवण होईल. लांबट अंग, आखूड पाय व चपळ हालचाल एवढेच त्यांचे साम्य; कुळे मात्र भिन्न आहेत. आपल्या नद्यांत व खाड्यांत आढळणारे पाणमांजर हे फेरेटचे खरे सगोत्र होय. युरोपातील रानटी पोलकॅट माणसाळवून फेरेटची जात निर्माण झाली. मादीचे वजन एक किलोच्या आत-बाहेर असते, तर नराचे एक ते दोन किलो भरते.

माणसाची व त्याची सोबत फार जुनी आहे. सशांना बिळातून हुसकावून बाहेर काढण्यासाठी या जातीचे प्राणी वापरीत, असे उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील स्ट्रॅबो व प्लिनी या ग्रंथकारांनी करून ठेवले आहेत. विज्ञानावरही फेरेटचे ऋण आहे. १९३३ साली लंडनजवळील मिल हिल येथे स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या शास्त्रज्ञांनी फ्लू झालेल्या माणसाच्या घशातील द्रव फेरेटच्या नाकात घातला, आणि फेरेट आजारी पडले. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला तो अशा रीतीने. माणसाचा फ्लू फेरेटला होतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

शरीराचा कायदा

फेरेटचे तोंड उघडून पाहिले तर त्याच्या आहाराविषयी शंकाच उरत नाही. पूर्ण वाढलेल्या फेरेटला ३४ दात असतात. सुळे तीक्ष्ण असून दाढा कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींवरून सरकतात. गाय जबडा आडवा फिरवून चारा दळते; फेरेटला तसे करता येत नाही. तो मांस कापतो आणि गिळतो.

आतड्यांची साक्षही हेच सांगते. वनस्पतीतील तंतुमय भाग आंबवून पचविण्यासाठी ससा, घोडा इत्यादी प्राण्यांना अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. फेरेटला ती मुळीच नसते. त्याची अन्ननलिका इतकी आखूड आहे की खाल्लेले अन्न सुमारे तीन ते चार तासांत शरीराबाहेर पडते. एवढ्या थोड्या अवधीत धान्याचा पिष्टमय भाग नीट पचत नाही. म्हणून त्याची ऊर्जा मुख्यतः प्राणिज प्रथिने व चरबी यांतूनच आली पाहिजे.

याच रचनेतून आणखी एक नियम निघतो, आणि तो आहारपालटाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. फेरेटला दीर्घ उपवास सोसत नाही. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ हा उपाय एखाद्या धडधाकट कुत्र्याच्या बाबतीत चालून जाईल. फेरेटच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. उतारवयातील फेरेटमध्ये स्वादुपिंडात इन्सुलिन निर्माण करणाऱ्या गाठी पुष्कळदा आढळतात. अशा प्राण्याने काही तास खाल्ले नाही, तर रक्तातील साखर एकदम उतरून तो लुळा पडतो, प्रसंगी त्याला झटके येतात.

मांस म्हणजे पूर्ण आहार नव्हे

मांसाहारी प्राण्याला मांस दिले की काम झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. रानातील पोलकॅट उंदीर पकडतो तेव्हा तो केवळ मांसल भाग खात नाही. हाडे, काळीज, हृदय, मूत्रपिंडे हे सारे त्याच्या पोटात जाते. कसायाकडील स्वच्छ, बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट फॉस्फरस असतो. असेच मांस दिवसेंदिवस दिले, तर रक्तातील कॅल्शियम टिकविण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढून घेते. हाडे ठिसूळ होतात आणि वाढत्या पिलांचे पाय वाकतात. भरपूर मांस खाऊनही प्राणी कुपोषित राहावा, असा हा विलक्षण प्रकार आहे.

म्हणून जाणते पालक स्थूलमानाने असे प्रमाण ठेवतात: मांस व हृदय मिळून सुमारे ऐंशी टक्के, खाण्याजोगे कच्चे हाड दहा टक्के, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत निम्मे काळीज व निम्मी इतर इंद्रिये. हृदयात टॉरिन नावाचे द्रव्य विपुल असते. ते आहारात कमी पडल्यास मांजराच्या डोळ्यांस व हृदयास इजा होते, हे सिद्ध झाले आहे; फेरेटच्या आहारातही ते असावे असे मानतात. काळजात ‘अ’ जीवनसत्त्व इतके असते की ते अति झाल्यास अपाय होतो. हाड द्यावयाचे ते कच्चेच. शिजविलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार कपच्या निघतात व त्या आतड्याला भोसकतात. काही जातींच्या कच्च्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे एक द्रव्य असते. अमेरिकेत फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्चे मासे चारल्यामुळे पक्षाघात होऊ लागला, तेव्हा १९३० नंतरच्या दशकात ही गोष्ट उघडकीस आली. तात्पर्य, ‘कच्चे’ म्हणजे ‘नैसर्गिक’ आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्धोक’ असे समीकरण मांडता येत नाही.

नाकाचे शिक्षण

आता लेखाच्या गाभ्याकडे वळू. मांस खाण्यासाठीच घडलेला हा प्राणी समोर ताजे मांस ठेवले असता ते हुंगून निघून जातो आणि आपल्या कोरड्या गोळ्या शोधू लागतो. असे का व्हावे?

याचे उत्तर जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील प्राणिशास्त्रज्ञ राइमुंड आप्फेलबाख यांच्या प्रयोगांत मिळते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी पोलकॅटच्या पिलांना ठरावीक भक्ष्यावर वाढविले, आणि पुढे ती कोणत्या वासाच्या मागे जातात हे पाहिले. आयुष्याच्या पहिल्या तीन महिन्यांच्या सुमारास ज्या भक्ष्याचा वास परिचयाचा झाला, त्याच्याच मागे ती पिले पुढे जात. अपरिचित भक्ष्याचा वास त्यांना शोधास प्रवृत्त करीत नसे. त्यांचे नाक जणू त्या कोवळ्या वयात एक अक्षरमाला शिकते, आणि पुढे त्याच अक्षरांत जग वाचते. ज्या फेरेटने बाळपणी केवळ गोळ्याच हुंगल्या, त्याच्या लेखी मांस हे अन्नच नसते.

म्हणजे फेरेट हट्टी नसतो, तो निरक्षर असतो. हट्ट मोडावयाचा असतो. निरक्षराला शिकवावयाचे असते.

शिकविण्याची रीत

हे शिक्षण ओळखीच्या गोष्टीपासून अनोळखी गोष्टीकडे जाते. कोणत्याही चांगल्या पाठाचा क्रम हाच असतो.

प्रथम नेहमीच्या गोळ्यांची पूड करून ती कोमट पाण्यात पातळ पेजेसारखी कालवावी आणि तीत कच्च्या मांसाचा बारीक वाटलेला चिमूटभर भाग मिसळावा. मिश्रण कोमट असावे, कारण ऊब मिळाली की वास पसरतो. फेरेटने वाटीला तोंड लावले नाही तर बोटाच्या टोकावर थोडेसे घेऊन त्याच्या ओठाला लावावे. तो चाटतो आणि त्या चाटण्यातून चव कळते. या काळात नेहमीच्या गोळ्याही दिवसभर त्याच्यासमोर असू द्याव्यात, म्हणजे उपवास घडणार नाही.

तो मिश्रण आवडीने खाऊ लागला की मांसाचा अंश चार-सहा दिवसांनी वाढवीत न्यावा: पाव भाग, मग निम्मा, मग पाऊण. आरंभी एकाच प्राण्याचे मांस ठेवावे, म्हणजे काही बाधले तर कारण सापडते. त्यानंतर पातळपणा कमी करून हाडासह केलेला खिमा, मग लहान तुकडे, आणि शेवटी कोंबडीच्या पंखासारखा मऊ हाडाचा भाग द्यावा. गोळ्यांवर वाढलेल्या फेरेटच्या जबड्याला चावण्याची सवय नसते. म्हणून ही अखेरची पायरी घाईने चढू नये. वयाने लहान फेरेट हा पाठ थोड्या आठवड्यांत शिकतो, प्रौढाला काही महिनेही लागतात.

या काळात दोन गोष्टींची नोंद ठेवावी. पहिली विष्ठेची: ती पातळ किंवा शेंबडासारखी झाली तर एक पायरी मागे यावे; काळी डांबरासारखी झाली किंवा थांबली तर तत्काळ पशुवैद्य गाठावा. दुसरी वजनाची: दर आठवड्यास स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करावे. मात्र फेरेट हिवाळ्यात अंग धरतो व वसंतात झडतो. तेव्हा वजनातील फरक ऋतू पाहूनच तोलावा.

धोक्याची बाजू

एवढे करूनही कच्च्या मांसाविषयी सर्व पशुवैद्यांचे एकमत नाही. साल्मोनेलासारखे जंतू मांसातून प्राण्याला, व प्राण्यामार्फत घरातील माणसांना बाधू शकतात. गोठविल्याने हे जंतू मरत नाहीत, केवळ थोपतात. २०२४ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील ऑरेगन राज्यात गोठविलेल्या कच्च्या खाद्यातून बर्ड फ्लूची लागण होऊन एक पाळीव मांजर दगावले. फ्लूचा विषाणू फेरेटला सहज बाधतो, हे १९३३ च्या प्रयोगापासून ज्ञात असल्यामुळे ही वार्ता फेरेटपालकांनाही लागू पडते. म्हणून मांस विश्वासाच्या ठिकाणचे असावे, थंड जागीच वितळवावे, उरलेले तासा-दोन तासांत उचलावे, आणि हात व भांडी साबणाने धुवावीत. घरात तान्हे मूल, वृद्ध किंवा दुर्बल रुग्ण असेल, तर चांगल्या प्रतीच्या, मांसप्रधान गोळ्याच चालू ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

वायोमिंगचा धडा

हा सारा खटाटोप केवळ हौशी लोकांचा आहे, असे कोणास वाटेल. परंतु याच तत्त्वावर एका अख्ख्या जातीचे जीवन अवलंबून होते. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात काळ्या पायांचा फेरेट ही रानटी जात आहे. ती जवळजवळ सर्वस्वी प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातील, बिळांत राहणाऱ्या प्राण्यावर जगते. ही जात नष्ट झाली असे मानले जात असता १९८१ साली वायोमिंग राज्यातील मीटीट्सी गावाजवळ एका कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला, आणि शोध घेता जिवंत फेरेटही सापडले. पुढे रोगांची साथ आली. १९८७ पर्यंत उरलेले अठरा प्राणी पकडून पिंजऱ्यात आणावे लागले, आणि त्यांपैकी अवघ्या सातांचा वंश पुढे चालला.

पिंजऱ्यात पिले झाली. १९९१ साली शर्ली बेसिन येथे त्यांना प्रथम रानात सोडण्यात आले. परंतु पिंजऱ्यातील वाटीत जेवलेल्या पिलाला बीळ, भक्ष्य व भय यांची ओळख कोठून असणार? म्हणून सोडण्यापूर्वी सुमारे महिनाभर त्यांना मोकळ्या आवारात, खऱ्या बिळांत ठेवून जिवंत प्रेअरी डॉगची शिकार करावयास लावण्याची पद्धत पडली. असे शिक्षण मिळालेली पिले रानात अधिक संख्येने तगली. घरच्या फेरेटला जिवंत भक्ष्य देण्याचे काहीच कारण नाही, कारण त्याला रानात जगावयाचे नाही. परंतु दोन्हीकडे मूळ सूत्र एकच आहे. पोटाला काय हवे हे जन्मतः ठरते, ते ओळखण्याची कला मात्र शिकावी लागते.

यावरून निघणारा बोध फेरेटपुरता मर्यादित नाही. जो प्राणी आपण आपल्या दाराशी बांधतो, त्याचे बालपणही आपल्याच हाती असते. पिलाला तिसऱ्या महिन्याच्या आत निरनिराळ्या योग्य अन्नांचा वास व चव मिळाली, तर पुढचे कित्येक आठवड्यांचे कष्ट वाचतात. ती वेळ निघून गेली असेल तर उपास घडवून किंवा रागावून काही साधत नाही. पूड, पेज, चिमूट आणि धीर हाच मार्ग उरतो.