तान्ही मुले रात्री का रडतात?

तान्हे मूल रात्री रडू लागले म्हणजे घरची मंडळी नाना तर्क करितात. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी सटवाईचे नाव घेते, आणि सासूबाई बहुधा सुनेच्या दुधास दोष देतात. हा शेवटचा आरोप आम्हास सर्वांत अन्यायाचा वाटतो. बिचारी बाळंतीण रात्रभर जागते ती जागते, वर अपराधीही ठरते!

खरी गोष्ट अशी की, दिवस कोणता व रात्र कोणती हे ओळखण्याची शरीरातील व्यवस्था नवजात बाळाच्या ठायी पक्व झालेली नसते. ती बसावयास दोन-तीन महिने लागतात. बाळ चोवीस तासांत सुमारे १४ ते १७ तास निजते, परंतु तुकड्यातुकड्यांनी. पोट लहान व आईचे दूध लवकर पचणारे, म्हणून त्यास दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागते. मग ते मध्यरात्री भुकेने रडले तर नवल ते काय? ओले दुपटे, उकाडा, थंडी ही कारणे आयांस सांगावयास नकोत.

पण पोट भरलेले, कोरडे मूलही दिवेलागणीनंतर तासन् तास रडते, त्याचे काय? अमेरिकेतील बालवैद्य बेरी ब्रॅझल्टन यांनी ८० निरोगी बाळांच्या रडण्याची टिपणे ठेवविली व ती १९६२ साली प्रसिद्ध केली. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे रडणे दिवसाकाठी पावणेतीन तासांपर्यंत चढे, व पुढे उतरे. तीन-चार महिन्यांनी ते बहुधा आपोआप शमते. मात्र त्याच सुमारास कोणी अंगारा लाविला असल्यास श्रेय अंगाऱ्यास मिळते.

अशा वेळी बाळास उराशी धरावे, हळू झुलवावे, दिवा मंद ठेवावा. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया मुलास अफूची बाळागोळी देत. त्या गोळीने मूल निजते खरे, पण अफूने श्वास मंदावतो व कित्येक मुले पुन्हा उठतच नाहीत. वर्षाच्या आतील मुलास मधही चाटवू नये. संतापाच्या भरात मुलास गदागदा हलविणे तर प्राणघातकच, कारण त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. सहनशक्ती संपली तर बाळास उताणे निजवून आईने घटकाभर बाहेर बसावे, व घरच्या पुरुषांनी मूल घ्यावे.

तथापि तीन महिन्यांच्या आतील बाळास १००.४ अंश ताप आला, त्याने दूध सोडले, हिरवी ओकारी केली, किंवा रडणे क्षीण होऊन ते निपचित पडले, तर उजाडण्याची वाट न पाहता त्यास दवाखान्यात न्यावे.