टायरला आलेला फुगा

फुटपाथच्या कडेवर चाक आदळले की आपण रिमवरचा ओरखडा पाहतो. खरा मार टायरच्या बाजूला बसलेला असतो, हे मी आमच्या एमटी गॅरेजमधल्या उस्तादांकडून शिकलो.

रेडियल टायरमध्ये रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टे असतात. बाजूला मात्र रबर आणि दोऱ्यांचा थर एवढेच. आदळताना ही बाजू रिम आणि दगड यांच्यात चिमटते, दोरे तुटतात आणि आतली हवा तिथले रबर बाहेर ढकलते. हाच फुगा.

तपासणी अशी करावी :

१. टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही बाजू पाहा. फुगा किंवा दोरे दिसणारी चीर असेल, तर टायर बाद. स्टेपनी लावा. बाजूला पॅच चालत नाही. आत दबलेली हलकी उभी खाच मात्र बहुधा दोऱ्यांच्या जोडाची असते.

२. रिम वाकली का पाहा. हवा मोजा. दुसऱ्या दिवशी टायर थंड असताना पुन्हा मोजा.

३. स्टिअरिंग थरथरले किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर अलाइनमेंट तपासून घ्या.

फुगा काही दिवसांनीही येतो. म्हणून आम्हाला सुट्टीसाठी न्यायला निघण्यापूर्वी पालकांनी चारही टायर एकदा पाहावेत, ही विनंती.