लेसर किरण आणि सावळी त्वचा

उत्तर प्रदेशाची राजधानी लखनौ हे शहर उन्हाळ्यात आपल्या विदर्भासारखेच तापते. मे महिन्यात तेथील पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो आणि 'लू' नावाचा भाजून काढणारा वारा वाहू लागतो. दुचाकीवरून महाविद्यालयात जाणाऱ्या मुली ओढणीने तोंड गुंडाळून घेतात. हात मात्र उघडेच राहतात. अशा मुलीचा दंड आणि तिचे मनगट यांच्या रंगांची तुलना केली, तर दोहोंत स्पष्ट अंतर दिसते. लग्नसराईच्या तोंडावर लेसर किरणांनी अंगावरील केस काढून घेण्याची प्रथा आता तेथे, तशीच आपल्याकडेही, रूढ झाली आहे. हा उपाय कितपत सुरक्षित आहे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या रंगभेदातच सापडते.

लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एका दिशेने जाणारा प्रखर प्रकाश होय. थिओडोर मायमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली माणकाच्या कांडीतून असा प्रकाश प्रथम निर्माण केला. प्रकाश कोठेतरी शोषला गेला, तरच त्याची उष्णता होते. केसात मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य असते. ते प्रकाश शोषून तापते आणि ती उष्णता केशमूळाभोवतीच्या जिवंत पेशींना जाळते. योग्य तरंगलांबी व योग्य कालावधी निवडल्यास आजूबाजूच्या भागाला धक्का न लावता नेमके हवे तेच तापविता येते, हे तत्त्व अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ साली मांडले.

परंतु हेच रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरातही असते, आणि केशमूळ तर त्याच्याही खाली! गोऱ्या त्वचेतून प्रकाश सहज खाली उतरतो. सावळ्या, त्यातही उन्हाने रापलेल्या त्वचेत त्याचा मोठा वाटा वरच अडतो. मग केसाऐवजी कातडी भाजते. फोड येतात आणि मागे काळे किंवा पांढरे डाग राहतात. भारतीय त्वचेवर असे काळे डाग महिनोन्‌महिने टिकतात. म्हणूनच जी मात्रा दंडाला सोसते, ती मनगटाला सोसेलच असे नाही.

यावर पहिला उपाय तरंगलांबीचा. ती नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात मोजतात. माणकाच्या लेसरची तरंगलांबी ६९४, अलेक्झांड्राइटची ७५५, डायोडची सुमारे ८१० आणि निओडिमियम-यागची १०६४ नॅनोमीटर असते. ती जसजशी वाढते, तसतसे मेलॅनिन प्रकाश कमी शोषते आणि किरण अधिक खोल जातो. त्यामुळे गडद त्वचेला शेवटचा प्रकार सर्वांत निर्धोक समजला जातो. बारीक लवेवर मात्र तो तितकासा प्रभावी ठरत नाही. दुसरा उपाय वेळेचा. भाजलेला पापड क्षणात निवतो, उकडलेला बटाटा बराच वेळ गरम राहतो. त्वचेचा वरचा थर पापडासारखा पातळ आहे. तेव्हा उष्णता थोडी सावकाश दिली आणि त्याच वेळी त्वचा थंड ठेवली, तर केशमूळ तापते आणि वरचा थर बचावतो.

लेसरने कर्करोग होतो काय, अशी शंका पुष्कळांना येते. तिला इतिहासात आधार आहे, पण तो दुसऱ्याच किरणांचा. क्ष-किरणांनी केस गळतात, हे १८९६ सालीच आढळले होते. पुढे १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सौंदर्यगृहांत त्यांचा सर्रास वापर झाला आणि कित्येक स्त्रियांना वर्षांनंतर त्वचेचा कर्करोग जडला. क्ष-किरण पेशीतील रेणू फोडतात. केस काढण्याच्या लेसरचा प्रकाश तांबडा किंवा अवरक्त असतो. तो केवळ तापवितो. त्यामुळे कर्करोग होतो असे दिसून आलेले नाही.

खरा धोका काही वेळा किरणांत नसून मलमात असतो. वेदना होऊ नये म्हणून लावलेले बधिर करणारे औषध मोठ्या भागावर फासून वर प्लॅस्टिक गुंडाळले, तर ते रक्तात उतरते. अमेरिकेत अशा प्रकारे दोन तरुण स्त्रियांचा मृत्यू झाल्यावर तेथील औषध प्रशासनाने २००७ साली इशारा दिला. डोळ्यांचेही तसेच. १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, पण दृष्टिपटल जाळू शकतो. म्हणून उपचार करणारा व करून घेणारा दोघांनीही संरक्षक चष्मा घालावा लागतो आणि भुवईखाली हा किरण वापरीत नाहीत.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली या उपचारासाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. प्रशिक्षित चिकित्सक आणि परिणाम समजावून घेतलेली लेखी संमती यांवर त्यांत भर आहे. आधी लहानशा जागी चाचणी घेऊन एकदोन दिवस वाट पाहणे हेही शहाणपणाचे. हनुवटीवर एकाएकी दाट केस येऊ लागले असतील, तर बीजकोशाचा किंवा अंतःस्रावी ग्रंथींचा विकार नाही ना, हे प्रथम तपासावे. कारण अशा स्त्रियांच्या चेहऱ्यावर लेसरनंतर केस उलट वाढल्याचीही उदाहरणे आहेत. आणि मनगट उन्हाने रापलेले असेल, तर त्याचा रंग उतरेपर्यंत थांबावे. लखनौत त्यासाठी थंडीचे दिवस बरे.