पाठ : दुसरा डाव

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, हातचे काम अकस्मात सुटले तर माणसाने काय करावे, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना नवा नसेल. कोणाची गिरणी बंद पडते, कोणाचे शिक्षण मध्येच खंडित होते, तर कोणाचे शरीर साथ सोडते. खेळाडूच्या वाट्याला ही वेळ फार लवकर येते. कारण शरीर हेच त्याचे भांडवल असते. क्रिकेटचे मैदान सोडावे लागल्यावर अभिनयाच्या क्षेत्रात उभे राहिलेल्या सलील अंकोला यांच्या जीवनाचा परिचय या पाठात करून घेऊ या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
- सलील अंकोला यांच्या जीवनातील प्रमुख घटना क्रमाने सांगू शकाल;
- खेळ आणि अभिनय यांतील साम्य व भेद स्पष्ट करू शकाल;
- उपजीविकेचे साधन बदलण्याविषयी आपले मत मांडू शकाल.

मूळ पाठ

सलील अंकोला यांचा जन्म 1 मार्च 1968 रोजी सोलापूर येथे झाला. उंच, सडपातळ बांध्याचा हा उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज 1988-89 च्या हंगामात महाराष्ट्राकडून रणजी करंडक स्पर्धेत उतरला. गुजरातविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. त्या काळी भारताला वेगवान गोलंदाजांची मोठी वाण होती. त्यामुळे वर्षभरातच या तरुणाची पाकिस्तान दौऱ्यासाठी निवड झाली.

15 नोव्हेंबर 1989 रोजी कराचीत सुरू झालेला कसोटी सामना आज सर्वांना आठवतो, तो सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरच्या पदार्पणामुळे. पाकिस्तानचा वकार युनूसही त्याच सामन्यात प्रथम खेळला. त्याच दिवशी भारताची टोपी मिळालेले दुसरे खेळाडू होते सलील अंकोला. त्यांना त्या सामन्यात दोन बळी मिळाले. तेंडुलकर पुढे 200 कसोटी सामने खेळले. अंकोलांचा तो पहिला आणि अखेरचा कसोटी सामना ठरला. एकाच दाराने आत गेलेल्या दोघांच्या वाटा किती निराळ्या असू शकतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुखापतींनी त्यांना वारंवार ग्रासले. तरीही ते प्रयत्न करीत राहिले. पुढे मुंबईकडून ते खेळले, एकदिवसीय संघात परतले आणि 1996 च्या विश्वचषकासाठीही निवडले गेले. एकूण 20 एकदिवसीय सामने त्यांच्या नावावर आहेत. त्यांपैकी अखेरचा सामना फेब्रुवारी 1997 मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाला.

त्यानंतर डाव्या नडगीच्या हाडात गाठ असल्याचे निदान झाले. अशी गाठ कर्करोगाची नसते, परंतु वेदना असह्य असतात. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा चेंडू टाकताना डाव्या पायावर आदळतो आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर येतो. ज्या पायावर सारा खेळ उभा, तोच पाय निकामी झाला. वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांना निवृत्ती स्वीकारावी लागली.

खेळाडूंनी पडद्यावर येण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. कुस्तीगीर दारा सिंग दूरदर्शनच्या 'रामायण' मालिकेत हनुमान झाले. आशियाई स्पर्धांत 1966 व 1970 मध्ये थाळीफेकीचे सुवर्णपदक मिळवणारे प्रवीणकुमार 'महाभारत' मालिकेत भीम झाले. या दोघांना त्यांच्या बलदंड देहामुळेच त्या भूमिका शोभल्या. अंकोलांची गोष्ट वेगळी होती. त्यांना देहाने दगा दिला होता आणि संसाराला मिळकत हवी होती. अभिनय ही त्यांच्यासाठी हौस नव्हती, गरज होती.

छोट्या पडद्यावर 'कोरा कागज' आणि 'कहता है दिल' या मालिकांतून ते घरोघरी पोहोचले. महेश मांजरेकर यांच्या 'कुरुक्षेत्र' (2000) व 'पिता' (2002) या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. पुढे 'कर्मफल दाता शनि' या मालिकेत ते सूर्यदेव झाले. गोलंदाज पावले मोजून धाव घेतो आणि ठरलेल्या रेषेवर पाय टाकतो. नटालाही आखून दिलेल्या खुणेवर थांबून संवाद म्हणावा लागतो. एकच कृती पुन्हा पुन्हा करण्याची सवय दोन्हीकडे उपयोगी पडते. मात्र मैदानावरील प्रेक्षकांचा गजर चित्रीकरणाच्या वेळी नसतो.

हा दुसरा डावही सरळ गेला नाही. खेळ सुटल्याचे दुःख खोल होते. आपण मद्याच्या आहारी गेलो होतो आणि उपचार घेऊन त्यातून बाहेर पडलो, हे अंकोला यांनी स्वतः मुलाखतींत मोकळेपणाने सांगितले आहे. यश लपवावे लागत नाही. अपयश सांगायला मात्र धैर्य लागते.

क्रिकेटने त्यांना पुन्हा हाक दिली, ती निवडकर्ता म्हणून. डिसेंबर 2020 मध्ये ते मुंबईच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय निवड समितीवर आले. रायपूरच्या पुरानी बस्तीत राहणाऱ्या मराठी वाचकाला एक गोष्ट जवळची वाटेल. 21 जानेवारी 2023 रोजी नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर तेथील पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. भारताने न्यूझीलंडला 108 धावांत गुंडाळून आठ गडी राखून विजय मिळवला. त्या मालिकेसाठी संघ निवडणाऱ्या समितीत अंकोला होते. 2024 पर्यंत त्यांनी ते काम केले. एकच कसोटी खेळलेल्या माणसाचा अनुभव अशा रीतीने इतरांच्या कामी आला.

शब्दार्थ

वाण – उणीव, कमतरता
नडगी – गुडघ्याखालील पायाचे पुढचे हाड
पदार्पण – प्रथम प्रवेश
ग्रासणे – घेरणे, पछाडणे
आहारी जाणे – पूर्णपणे अधीन होणे

पाठावर आधारित प्रश्न

1. कराचीतील कसोटी सामना अंकोला यांच्या जीवनात कोणत्या दोन अर्थांनी महत्त्वाचा ठरला?
2. गोलंदाजाच्या पुढच्या पायावर अधिक भार का येतो?
3. दारा सिंग, प्रवीणकुमार आणि अंकोला यांच्या अभिनयाकडे वळण्यात कोणता फरक होता?
4. 'यश लपवावे लागत नाही; अपयश सांगायला मात्र धैर्य लागते.' या विधानाविषयी तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
5. तुमच्या परिसरात काम बदलून नव्याने उभ्या राहिलेल्या एका व्यक्तीशी बोला. जुन्या कामातील कोणते कौशल्य नव्या कामात उपयोगी पडले, ते विचारून लिहा.