स्तोत्रसंहिता : देवाशी खरे बोलायला शिकविणारी शाळा



काही दिवसांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या दारात आम्ही काहीजणांना सहज विचारले, "आजच्या प्रतिसाद स्तोत्राची ओळ कोणती होती?" कुणी हसले, कुणी मुलाकडे पाहिले, तर एका आजोबांनी सरळ कबूल केले, "फादर, तोंडाने म्हटली, पण लक्षात नाही." खरे सांगायचे, तर तो प्रश्न विचारण्याचा आम्हांलाही फारसा अधिकार नाही. वेदीवर बसून पुढच्या प्रवचनाचा विचार करीत आम्हीही कित्येकदा ती ओळ नुसती ओठांनी म्हटली आहे. पहिल्या वाचनानंतरची ही दोन-तीन मिनिटे आपण सारेच जणू विश्रांतीसाठी वापरतो. म्हणून आज स्तोत्रांविषयी थोडे चिंतन करू या.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे असून ती पाच भागांत मांडलेली आहेत. हिब्रू भाषेत या ग्रंथाला 'तहिलीम' म्हणजे 'स्तुतिगीते' असे नाव आहे. स्तोत्र ११७ अवघ्या दोन ओव्यांचे, तर स्तोत्र ११९ तब्बल १७६ ओव्यांचे आहे. पुष्कळ स्तोत्रांवर दावीद राजाचे नाव आहे. पण कोरहाचे वंशज, आसाफ यांची नावेही आढळतात. अनेक पिढ्यांच्या ओठांवर घडलेला हा प्रार्थनाग्रंथ आहे.

आपल्या प्रभू येशूचाही हाच प्रार्थनाग्रंथ होता. शेवटच्या भोजनानंतर स्तोत्र गाऊनच तो शिष्यांसह जैतुनाच्या डोंगराकडे निघाला. क्रुसावर असह्य वेदना होत असताना त्याच्या मुखातून जी आर्त हाक निघाली, ती स्तोत्र २२ ची सुरुवात होती. आणि प्राण सोडताना पित्याच्या हाती स्वतःला सोपविण्याचे शब्द स्तोत्र ३१ मधून आले. देवपुत्रालाही मरणघडीला लहानपणी पाठ केलेली स्तोत्रेच आठवली, यावर आपण कधी मनन केले आहे काय?

आता एक आश्चर्याची गोष्ट. ग्रंथाचे नाव 'स्तुतिगीते', पण आत सर्वांत जास्त भरणा आहे तो विलापाच्या स्तोत्रांचा! देवा, तू कुठे आहेस? किती दिवस वाट पाहू? शत्रू हसत आहेत आणि तू गप्प का? असे प्रश्न पानापानांवर भेटतात. विठ्ठलाशी भांडणारे तुकोबा मराठी माणसाला परके नाहीत. मात्र आपण ख्रिस्ती लोक प्रार्थनेला बसलो, की फार सभ्य होतो. घरात भांडण झालेले असते, डोक्यावर कर्ज असते, मन संतापाने भरलेले असते. तरी देवापुढे आपण धुतलेले कपडे घालूनच उभे राहतो. मनात एक आणि ओठांवर दुसरे!

या बाबतीत आम्हांला धडा दिला तो एका मातेने. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, तिचा तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. अंत्यविधीच्या दिवशी आम्ही तिला म्हणालो, "मावशी, देवाची इच्छा!" ती काहीच बोलली नाही. त्यानंतर मात्र ती चर्चमध्ये दिसेनाशी झाली. दोन-तीन महिन्यांनी आम्ही तिच्या घरी गेलो. तिने चहा पुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "फादर, मला देवाचा राग आला आहे. असा राग मनात धरून मिस्साला कशी येऊ? ते ढोंग होईल."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना, देव चांगला असेल तर जगात दुःख का, या प्रश्नावर आम्ही लांबलचक निबंध लिहिला होता, चांगले गुणही मिळविले होते. त्या ओट्यावर त्यातील एकही वाक्य कामाला आले नाही. शेवटी आम्ही बायबल उघडून स्तोत्र ८८ वाचले. हे सर्वांत काळोखे स्तोत्र. इतर विलाप-स्तोत्रे बहुधा शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. त्याचा शेवट अंधारातच होतो. वाचून झाल्यावर तिने विचारले, "हे खरेच बायबलमध्ये आहे?" आम्ही होय म्हणालो. ती म्हणाली, "परत एकदा वाचा."

त्या दिवशी आम्हांला आमची चूक कळली. आम्ही तिला उत्तर देण्याची घाई केली होती. देवाने मात्र आपल्या ग्रंथात तिच्या प्रश्नासाठी जागा राखून ठेवली होती. ख्रिस्तसभेने हे स्तोत्र दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवले आहे, म्हणजे जगभर कुणी ना कुणी तिच्यासारख्यांच्या वतीने ते म्हणत असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. इतका काळोख असूनही ते स्तोत्र देवालाच उद्देशून आहे, आणि सुरुवातीलाच त्याला आपला तारणारा म्हणते. देवावर रागावणारा माणूस देवापासून दूर गेलेला नसतो. जो त्याच्याशी बोलणेच सोडतो, तो दूर जातो. ती माता पुढे मिस्साला येऊ लागली. शेवटच्या बाकावर बसायची. गीते ती बरेच दिवस गात नव्हती, आणि आम्हीही तिला कधी आग्रह केला नाही.

चौथ्या शतकातील संत अथनासियस यांनी मार्सेलिनुस नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात स्तोत्रांना आरशाची उपमा दिली आहे. बायबलचे इतर ग्रंथ काय करावे ते सांगतात. स्तोत्रांत वाचणाऱ्याला स्वतःच्याच मनाचे रूप दिसते. आरशात चेहरा पाहिला, की डागही दिसतो, आणि मग तो पुसावासा वाटतो. स्तोत्र-प्रार्थना दैनंदिन जीवनाला भिडते ती इथे.

स्तोत्र १५ पाहा. देवाच्या मंडपात कुणी राहावे, असा त्यात प्रश्न आहे. आपली अपेक्षा असते, की उत्तरात उपवास, अर्पणे, यात्रा यांची यादी येईल. पण तिथे येते ते असे : जो मनापासून खरे बोलतो, जो शेजाऱ्याची निंदा करीत नाही, जो तोटा झाला तरी दिलेला शब्द पाळतो, जो गरजवंताकडून व्याज उकळत नाही, जो लाच घेत नाही. म्हणजे आपली वेदीपुढची जागा नळावरच्या गप्पांत, जमिनीच्या व्यवहारात आणि कचेरीतील टेबलावर ठरते.

तसेच स्तोत्र १३३. भावांनी एकोप्याने एकत्र राहणे किती गोड आहे, हे ते सांगते. वाटणीच्या वादामुळे एकाच रक्ताचे दोन भाऊ चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसतात, शांतीची खूण देण्याच्या वेळी दुसरीकडे पाहतात, हे आपल्याला ठाऊक नाही काय? हे स्तोत्र आपण ज्या तोंडाने गातो, त्याच तोंडाने भावाला हाक मारायची आहे.

मग सुरुवात कशी करावी? आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो.

१) सकाळी : घर सोडण्यापूर्वी स्तोत्र ६३ वाचा. देवाची तहान लागलेल्या जीवाची ही प्रार्थना आहे. वेळ नसेल, तर त्यातील एकच ओवी मनात घ्या आणि लोकलमध्ये, शेतात, चुलीपाशी ती घोळवा.

२) रात्री : झोपण्यापूर्वी स्तोत्र ४ कुटुंबाने मिळून म्हणावे. रागाच्या भरात पाप करू नका, अंथरुणावर आपले मन तपासा, असे ते शिकविते. दिवसभरात कुणाला दुखविले असेल, तर दिवा मालविण्यापूर्वी दोन शब्द बोलून घ्यावेत. शुक्रवारी दावीदाच्या पश्चात्तापाचे स्तोत्र ५१ म्हणावे.

३) रविवारी : मिस्साला येण्यापूर्वी प्रतिसाद स्तोत्र घरी एकदा वाचून या. आपल्या आठवड्यातील कोणती गोष्ट त्यात आहे, ते शोधा.

ज्यांना वाचता येत नाही किंवा दृष्टी अधू झाली आहे, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मध्ययुगात मठवासी १५० स्तोत्रे म्हणत, तेव्हा निरक्षर भाविक त्यांच्याऐवजी १५० वेळा 'नमो मरिया' म्हणू लागले. म्हणूनच जपमाळेला 'मरियेची स्तोत्रसंहिता' असेही म्हणत. आपल्या आजीच्या हातातील माळेत स्तोत्रांचाच वारसा आहे.

संत अगस्तीन यांनी अनेक वर्षे स्तोत्रांवर प्रवचने दिली. इ. स. ४३० मध्ये अखेरच्या आजारात त्यांनी पश्चात्तापाची काही स्तोत्रे लिहून समोरच्या भिंतीवर लावून घेतली होती. अंथरुणावर पडून ते ती वाचीत आणि रडत, असे त्यांच्या चरित्रकाराने नोंदविले आहे. एवढा मोठा विद्वान, पण शेवटी त्याला स्वतःचे शब्द पुरले नाहीत.

आपल्यालाही ती घडी येणार आहे. त्या वेळी ओठांवर काही यावे असे वाटत असेल, तर ते आजपासूनच हृदयात साठवावे लागेल. पुढच्या रविवारी आम्ही दारात पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहोत. तुम्हीही आम्हांला विचारा!

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू